पंधरा वर्षांची गाडी: आणखी दुरुस्ती करावी की आता बदलावी?

खाजनकाठ, चोडण

नमस्कार. आमच्या घरी जुलै २०११मध्ये नोंदवलेली एक लहान पेट्रोल गाडी आहे. येत्या जुलैमध्ये तिच्या नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण होतील. त्यातच गेल्या आठवड्यात गॅरेजमधून ४८,००० रुपयांच्या दुरुस्तीचा अंदाज हाती आला, त्यामुळे तीन वर्षे मी पुढे ढकलत आलेला प्रश्न आता मिरगापूर्वी सोडवणे भाग आहे.

गाडी वडिलांनी निवृत्तीनंतर घेतली होती. ते आता नाहीत. तिच्यावर झालेला प्रत्येक खर्च ते एका वहीत लिहून ठेवत आणि ती सवय मी पुढे चालू ठेवली आहे, म्हणून खाली दिलेले आकडे आठवणीवरून नव्हे, वहीवरून दिले आहेत. या गाडीत माझा जीव गुंतलेला आहे आणि त्यामुळे माझा निर्णय एका बाजूला झुकू शकतो, हे मला ठाऊक आहे. तेवढ्यासाठीच त्रयस्थ आणि जाणकार लोकांचे मत मागत आहे.

मी पणजीत शिक्षिका आहे. रोज दुचाकीने फेरीबोटीवर चढून रायबंदरला उतरते, म्हणजे रोजच्या कामासाठी मला गाडी लागत नाही. गाडी लागते ती आईसाठी. तिचे वय ७४ आहे आणि दर तिसऱ्या आठवड्याला तिला उपचारासाठी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, न्यावे लागते. पावसाळ्यात बाजारहाट, नातेवाइकांकडचे कार्यक्रम आणि कधी रात्री-अपरात्री फेरीची वाट पाहण्याऐवजी मयेमार्गे वळसा घालून जाणे, हेही त्यात आले. वर्षाला सरासरी ७,००० किलोमीटर चालते आणि आतापर्यंत १,०८,००० किलोमीटर झाले आहेत.

२०२३मध्ये क्लच आणि बॅटरी मिळून १४,००० रुपये, २०२४मध्ये रेडिएटर, वॉटर पंप आणि किरकोळ कामे मिळून १९,५०० रुपये, तर २०२५मध्ये चार टायर आणि एसीचा कंडेन्सर मिळून ३१,००० रुपये खर्च आला. तीन वर्षांची बेरीज ६४,५०० होते. आताच्या अंदाजात स्टीअरिंग रॅक १५,०००, लोअर आर्म ६,०००, शॉकअब्सॉर्बर ११,००० आणि इंजिनचे हेड उघडण्याचे काम १६,००० असे धरले आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळसर धूर येतो, हजार किलोमीटरमागे सुमारे अर्धा लीटर ऑइल कमी होते, खड्ड्यात गेल्यावर पुढून ठकठक असा आवाज येतो आणि लीटरला जेमतेम १४ किलोमीटर मिळतात. गाडी विकायची म्हटले तर एका ओळखीच्या व्यापाऱ्याने ७०,००० रुपये देऊ केले आहेत.

माझे दोन प्रश्न आहेत. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, असे नातेवाईक ठामपणे सांगतात, ते खरे आहे का? आणि खरे नसेल, तर जिची किंमत ७०,००० आहे तिच्यावर ४८,००० घालण्यात काही अर्थ आहे का?

हिशेबनीस, मडगाव

आधी कायद्याचे पाहू, कारण त्याबाबतच्या गैरसमजापोटी अनेकांनी चांगल्या गाड्या भंगारात दिल्या आहेत. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ४१नुसार खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. त्यासाठी मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरून द्यावा लागतो आणि आरटीओकडून गाडीची तपासणी होते. हलक्या मोटारीसाठी हे नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२पासून ५,००० रुपये आहे, उशीर केल्यास दरमहा ५०० रुपये अधिक पडतात, आणि गाडी वीस वर्षांच्या पुढे गेली की ऑगस्ट २०२५पासून हेच शुल्क १०,००० रुपये झाले आहे. तुमचे नातेवाईक ज्या बंदीविषयी बोलतात, ती दिल्ली व राष्ट्रीय राजधानी परिसरातील दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांविषयीची. राष्ट्रीय हरित लवादाचा तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये कायम केला. ती बंदी गोव्याला लागू नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. तो ज्या पद्धतीने मांडला आहे, ती पद्धतच मला चुकीची वाटते. गाडीची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांची तुलना करून काहीच ठरत नाही, कारण गाडी दुरुस्त करून तुम्ही ती विकणार नाही, वापरणार आहात. तुलना करायची ती पुढच्या प्रत्येक वर्षाला ही गाडी किती पडेल आणि दुसरी किती पडेल, यांची.

तुमच्या ६४,५००मधून टायर आणि बॅटरी बाजूला काढा, कारण ती झीज कोणत्याही गाडीला चुकत नाही. टायरचे १६,००० आणि बॅटरीचे ४,५०० धरले, तर उरतात ४४,०००, म्हणजे वर्षाला साधारण १४,७००. आताचे ४८,००० पाच वर्षांत विभागले तर वर्षाला ९,६०० आणि नूतनीकरणाचे १,००० होतात. एकूण २५,३००.

नवी लहान गाडी रस्त्यावर येईपर्यंत सहा लाखांना पडली, दहा वर्षे वापरली आणि शेवटी दीड लाखाला विकली, तर नुसती घसरण वर्षाला ४५,००० रुपये होते. त्यातले चार लाख नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ८,३०० बसतो आणि एकूण व्याज ९८,००० रुपयांच्या आसपास जाते, जे दहा वर्षांत वाटले की वर्षाला आणखी ९,८००. म्हणजे जवळजवळ ५५,०००. विम्याचा फरक अजून धरलेलाच नाही. मात्र पेट्रोलचा धरायला हवा. ७,००० किलोमीटरला तुमची गाडी ५०० लीटर पिते. वीसची सरासरी देणारी गाडी ३५० लीटर पिईल, आणि लीटरला ९६ रुपये धरले तर हा फरक वर्षाला १४,४०० रुपयांचा होतो. तो जुन्या गाडीच्या नावावर लिहिला, तर तिचे ३९,७०० होतात. तरीही दुरुस्ती वर्षाला पंधरा हजारांनी स्वस्त पडते.

परंतु हा सगळा हिशेब एकाच गृहीतावर उभा आहे, ते म्हणजे ही गाडी आणखी पाच वर्षे टिकेल. ती दोनच वर्षे टिकली, तर ४८,००० आणि ५,००० दोन वर्षांतच वसूल करावे लागतील. मग वर्षाचे २६,५००, त्यात १४,७०० आणि पेट्रोलचे १४,४०० मिळवले की बेरीज ५५,६०० होते आणि दोन्ही पारडी सारखी होतात. म्हणून किती खर्च करायचा हे विचारण्याआधी, खर्च केल्यावर गाडी किती वर्षे उभी राहील, हे एखाद्या प्रामाणिक कारागिराकडून जाणून घ्या. ते मला माझ्या टेबलावरून सांगता येणार नाही.

जुना मेस्त्री, डिचोली

ताई, मी बत्तीस वर्षे गॅरेज चालवले आणि आता मुलगा पाहतो. हिशेबनीस बाबांनी ज्या जागी हिशेब आणून सोडला आहे, तिथून पुढचे मी सांगतो.

तुमच्या पत्रात इंजिन आहे, स्टीअरिंग आहे, शॉकअब्सॉर्बर आहे, पण पत्र्याबद्दल एक अक्षरही नाही. आपल्या भागात गाडीचा शेवट इंजिन करत नाही, गंज करतो. इंजिन उघडता येते, त्याचा जो भाग झिजला असेल तो बदलता येतो आणि बोल्टने बसवलेली प्रत्येक वस्तू पैसे मोजले की नवी मिळते. पण लहान गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. फ्लोअर, दाराखालचे लांब पोकळ सिल, पुढचे दोन दांडे आणि सस्पेन्शन जिथे पकडले जाते त्या जागा, हाच तिचा सांगाडा असतो. तो आतून खाल्ला गेला की गाडीची अवस्था वाळवीने वासे पोखरलेल्या घरासारखी होते. वरून रंग चांगला दिसतो, आणि भार सोसायची वेळ आली की आधार सुटतो.

चोडणसारख्या ठिकाणी हे अधिक घडते. तुमचे घर खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीच्या काठी असेल, तर हवेत क्षार आहेत आणि ते पत्र्यावर बसून ओलावा धरून ठेवतात. उन्हाळ्यात मांडवीचे पाणी रायबंदरपर्यंत खारे असते आणि भरतीच्या वेळी फेरीच्या धक्क्याच्या उतारावर चाके त्याच पाण्यातून जातात. शिवाय चाकांच्या वरच्या कमानीत लाल चिखल साचतो आणि तो ऑक्टोबरपर्यंत सुकत नाही. गाडी कमी चालत असेल तर ही सगळी ओल तशीच राहते. कमी चाललेली गाडी चांगली राहते, ही समजूत घाटावरच्या कोरड्या हवेत खरी असेल, आपल्या चार महिन्यांच्या पावसात ती खरी नाही.

म्हणून ४८,००० खर्च करण्याआधी गाडी रॅम्पवर किंवा लिफ्टवर चढवा, आणि स्वतः खाली उभ्या राहा. दुसऱ्याने पाहून सांगितलेले पुरेसे नाही. सिलवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत पुढून मागे जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो आणि खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. जिथे आवाज बदलेल, तिथे टोकाने दाबून पाहायला सांगा. जॅक लावायच्या जागा, मागच्या सस्पेन्शनचे हात जिथे बॉडीला बोल्टने धरलेले असतात ती जागा, बॉनेट उघडून शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या वाटीभोवतीचा पत्रा, आणि ब्रेकच्या ऑइलच्या बारीक लोखंडी नळ्या, एवढे नीट पाहिले की निम्म्याहून अधिक उत्तर मिळते. खालून काळा जाड थर दिलेला असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. गंज न खरवडता वरून अंडरकोट मारला की ओल आत कोंडली जाते आणि गंज पूर्वीपेक्षा जोराने वाढतो. असे काम करून दिलेल्या किती तरी गाड्या मी उघडल्या आहेत आणि प्रत्येक वेळी मालकाच्या चेहऱ्याकडे पाहणे जड गेले आहे.

आता तुमच्या अंदाजाविषयी. धूर फक्त सकाळी पहिल्यांदा सुरू करताना येत असेल आणि नंतर थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झाले आहेत. रात्रभर थेंब थेंब ऑइल सिलिंडरमध्ये उतरते आणि सकाळी जळते. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबल्यावरही निळा धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्यावा. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी आधी कॉम्प्रेशन तपासायला सांगा. सगळ्या सिलिंडरमध्ये दाब जवळपास सारखा आला तर हेड उघडण्याची घाई नको. एखाद्यात कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, नाही वाढला तर दोष व्हॉल्व्हमध्ये आहे. ठकठक आवाजाचेही तसेच आहे. रॅक शेवटी पाहायचा असतो. आधी स्टॅबिलायझरची लिंक, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके हलवून पाहतात, कारण बहुतेक वेळा आवाज तिथूनच येतो आणि त्या वस्तू काही शेकड्यांत मिळतात. तुमच्या गॅरेजने फसवले असे मी म्हणत नाही. न उघडता अंदाज द्यायचा असेल, तर कारागीर सर्वांत मोठे काम धरून देतो.

सत्तरीवाला, वाळपई

माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे, म्हणून लिहितो. आमची गाडी २००७ची आहे. २०२२मध्ये तिचे नूतनीकरण केले आणि ती आजही घरातली एकमेव गाडी आहे. आम्ही समुद्रापासून दूर आहोत, गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी राहते आणि दर गणेशचतुर्थीनंतर मी ती खालून पाण्याच्या झोताने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवतो. गेल्या वर्षी इंजिनचे काम केले. तेव्हा सर्वांनी वेड्यात काढले, पण सांगाडा शाबूत होता म्हणून मला तो खर्च जड गेला नाही. नवी गाडी बनवायला लागणारे लोखंड आणि ऊर्जा यांचाही विचार व्हावा असे मला मनापासून वाटते, आणि चालू शकणारी वस्तू केवळ जुनी झाली म्हणून टाकून देणे मला पटत नाही.

एक काळजी मात्र मलाही आहे. एप्रिल २०२३पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सोसतील असे बनवले जातात, आपल्या जुन्या गाड्यांचे तसे नाहीत. मी इंधनाच्या रबरी नळ्या बदलून घेतल्या. इथेनॉल ओलावा शोषून घेते, म्हणून पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी करू नये.

खाजनकाठ, चोडण

सर्वांचे आभार. मेस्त्रींनी विचारले नव्हते, पण त्यांचे उत्तर वाचून मी गाडीचे पायाखालचे गालिचे उचलून पाहिले. पुढच्या डाव्या सीटसमोरचा गालिचा खालून ओला आहे, आणि पाऊस जाऊन कितीतरी महिने झाले आहेत. गाडी घरामागे फणसाच्या झाडाखाली उभी असते. याचा काही संबंध असेल का?

जुना मेस्त्री, डिचोली

आहे. वायपरच्या खाली जी जाळी असते तिच्यात फणसाची पाने जातात, कुजतात आणि पाणी बाहेर जायची भोके बुजवतात. मग पावसाचे पाणी बाजूने आत उतरते आणि गालिच्याखालच्या जाड नमद्यात साठते, जो महिनोन् महिने सुकत नाही. दारांच्या आणि सिलच्या खालच्या कडेलाही अशी भोके असतात, तीही पाहा. मात्र एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी त्याच जागी ओल येते, म्हणून आधी एसी चालू ठेवून गाडीखाली पाणी गळते का ते बघा. गळत नसेल तर दोष नळीचा. गाडी रॅम्पवर घेताना डाव्या बाजूचे फ्लोअर वरून आणि खालून दोन्हीकडून पाहायला सांगा.

किनाऱ्यावरून, मांद्रे

माझे घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे. माझी आधीची गाडी मी सतरा वर्षे वापरली आणि शेवटची दोन वर्षे वापरायला नको होती, असे आज म्हणतो. पैशांचे दुःख नाही. जुलैमधल्या एका संध्याकाळी पत्रादेवीकडून परतताना मागच्या ब्रेकची गंजलेली नळी फुटली आणि पेडल तळापर्यंत गेले. गाडीत माझी दोन मुले होती. पुढच्या ब्रेकचा भाग वेगळा असल्याने आणि समोर चढ असल्याने गाडी थांबली. त्याच्या दीड महिना आधी मी त्या गाडीवर २२,००० रुपये खर्च केले होते, सगळे इंजिनवर आणि एसीवर, कारण बिघाड तिथे जाणवत होता.

ताई, तुमच्या हिशेबात आणखी एक गोष्ट यायला हवी. २०११च्या लहान गाड्यांच्या साध्या आवृत्त्यांमध्ये एअरबॅग आणि एबीएस (चाके जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) बहुधा नसायचे. नव्या गाड्यांना एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग २०१९मध्ये सक्तीची झाली, आणि समोरच्या सीटवरील सहप्रवाशाची एअरबॅग २०२१ सरताना सर्व मॉडेलना लागू झाली. अपघाताच्या वेळी बॉडी किती तग धरते याची समोरून व बाजूने होणारी चाचणीही २०१९पासून सर्व चालू मॉडेलना बंधनकारक झाली. तुमच्या आई पुढच्या सीटवर बसत असतील. ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक लावावा लागला, तर एबीएस असलेल्या गाडीत चाके जाम होत नाहीत आणि स्टीअरिंग हातात राहते. हे वर्षाच्या खर्चात मांडता येत नाही, पण जुनी गाडी कितीही दुरुस्त केली तरी तिच्यात ते येत नाही.

तुम्हाला नवीच गाडी हवी असेही नाही. २०२२ किंवा त्यानंतरची, एका मालकाची, सर्व्हिसची नोंद असलेली गाडी पाहा. पर्यटकांना भाड्याने दिलेली गाडी काळ्या पाटीवरच्या पिवळ्या अक्षरांनी ओळखू येते, पण ती नंतर खाजगी करून विकली असेल तर पाटीवरून कळत नाही, त्यामुळे आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, इतिहास तपासा. बेळगावहून स्वस्त मिळते म्हणून आणायचा मोह झाला, तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, इथला रस्ताकर आणि नवा क्रमांक हे सगळे धरून किंमत ठरवा.

खाजनकाठ, चोडण

शनिवारी गाडी डिचोलीतल्या एका गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवली आणि सांगितल्याप्रमाणे स्वतः खाली उभी राहिले.

जे बिघाड मला भेडसावत होते, ते सगळे किरकोळ निघाले. कॉम्प्रेशन सर्व सिलिंडरमध्ये जवळपास सारखे आले, धूर व्हॉल्व्हच्या सीलमुळे येतो असे कारागिराने सांगितले, आणि आवाज स्टॅबिलायझरच्या लिंकचा व लोअर आर्मच्या बुशचा होता. रॅक चांगला आहे. हे सगळे १७,००० रुपयांत होण्यासारखे आहे, हे ऐकून मला इतके हलके वाटले की खालची तपासणी आता केवळ औपचारिक आहे असे मी धरून चालले.

उजवी बाजू खणखणीत वाजली. डावा सिल मधोमध बद्द वाजू लागला आणि मागच्या चाकाकडे जाईपर्यंत आवाजच उरला नाही. मागच्या सस्पेन्शनचा डावा हात जिथे बॉडीला धरलेला आहे, तिथे कारागिराने स्क्रूड्रायव्हरचे टोक ठेवले आणि फारसा जोर न लावता ते आत गेले. डाव्या फ्लोअरच्या पुढच्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा भाग पापुद्र्यांनी सुटला. त्याच गॅरेजमधल्या वेल्डिंग करणाऱ्याला विचारले. तो म्हणाला, कापून नवा पत्रा जोडता येईल, ३५,०००च्या आसपास खर्च येईल, पण टाका मारायला शेजारचा पत्रा जाड असावा लागतो आणि तो इथे नाही. दोन पावसाळ्यांपलीकडची हमी देणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. त्याच्या या स्पष्टपणाबद्दल मी त्याची ऋणी आहे.

म्हणजे १७,००० आणि ३५,००० मिळून ५२,०००, आणि आयुष्य दोन वर्षे. हिशेबनीसांच्या मांडणीत घातले तर वर्षाचे ५७,६०० होतात, आणि हे जिच्या मागच्या चाकाचा आधार पुन्हा केव्हा सुटेल हे सांगता येत नाही अशा गाडीसाठी. मी दुरुस्ती करणार नाही. फोंड्याच्या एका कुटुंबाची २०२२मध्ये नोंदवलेली, दोन एअरबॅग आणि एबीएस असलेली गाडी पाहिली आहे. ३,९०,००० मागतात आणि तेवढी रक्कम कर्ज न काढता जमते. आठ वर्षे वापरून लाखभराला विकली तर वर्षाला ३६,००० रुपये घसरण पडेल. तीही याच लिफ्टवर चढवल्याशिवाय व्यवहार करणार नाही.

जुन्या गाडीला अजूनही ७०,००० देणारा व्यापारी आहे. खालची अवस्था दडवून ती विकणे मला शक्य नाही, कारण ती पुन्हा कोणाच्या तरी आईला घेऊन रस्त्यावर येईल. ती भंगारात द्यायची तर रीतसर काय करावे लागते?

हिशेबनीस, मडगाव

तुमचा निर्णय आकड्यांनीही बरोबर आहे, आणि शेवटच्या परिच्छेदाबद्दल तुमचे मनापासून अभिनंदन.

गाडी नेहमीच्या भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. आरसीवर तुमचे किंवा वडिलांचे नाव राहिले आणि ती गाडी पुन्हा रस्त्यावर येऊन अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केले आहे. सप्टेंबर २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात गाडी जमा केली की ठेव प्रमाणपत्र मिळते. पुढे नवी गाडी नोंदवताना त्यावर खाजगी वाहनाला रस्ताकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. तुम्ही वापरलेली गाडी घेत असल्यामुळे ते तुम्हाला कामी येणार नाही, मात्र असे प्रमाणपत्र दुसऱ्याला हस्तांतरित करता येते. ती सवलत इथे प्रत्यक्षात कशी मिळते, हे आरटीओत आधी विचारून घ्या. गाडी वापरण्यायोग्य राहिली नाही, तर कायद्याच्या कलम ५५प्रमाणे चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवून आरसी जमा करायची असते.

आरसी अजून वडिलांच्याच नावावर असेल, तर वारसाच्या नावे हस्तांतरण आधी करावे लागेल, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून जुलैपर्यंत थांबू नका. विमा तुमच्या नावावर सर्वंकष असेल आणि काही वर्षे दावा केलेला नसेल, तर नो क्लेम बोनसचे पत्र विमा कंपनीकडून मागून घ्या. ती सवलत गाडीची नसते, मालकाची असते. पाच वर्षे दावा नसल्यास ती ५० टक्क्यांपर्यंत जाते आणि तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीच्या विम्यावर लावता येते. टायर गेल्या वर्षीचेच आहेत. भंगारात देण्याआधी त्यांचा वेगळा भाव ठरवा.

जुना मेस्त्री, डिचोली

फोंड्याची गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यातच दोन्ही सिलच्या आणि दारांच्या पोकळीत गंजरोधक मेण फवारून घ्या, भोके मोकळी ठेवून. फेरीतून नेली त्या दिवशी घरी आल्यावर चाकांच्या कमानीत आणि खालून गोड्या पाण्याचा पाइप मारा. ती फणसाखाली उभी करू नका. अंगणात दुसरी जागा नसेल, तर शेडचे चार खांब मिरगाआधी उभे करून घ्या.

खाजनकाठ, चोडण

जागा आहे, पूर्वेला विहिरीजवळ. शेडसाठी सुताराला सांगितले आहे. आरसी वडिलांच्या नावावरच आहे, त्यामुळे सोमवारी सुट्टी घेऊन आधी आरटीओत जाते आणि त्यानंतर फोंड्याला.